धोंड्याच्या महिन्यात उघडलेलं इंजिन

"धोंड्याला जावई बोलावलाय का त्यांची गाडी?" असं बायकोनं मला आदल्याच दिवशी विचारलं होतं. उत्तर तिला माहीत होतं.

अधिक महिना आला की आमच्याकडं लेक-जावयाला बोलावून धोंडे करतात. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, तांब्याच्या ताटात अनारसे, दिवा, नवा पोशाख. त्या दिवशी जावयाचा मान देवाचा. त्यानं पाटावर बसायचं, ओवाळून घ्यायचं, जेवायचं आणि झोपायचं. त्याच्याकडून पाण्याचा तांब्यासुद्धा उचलून घ्यायचा नाही. यंदा हा महिना भर उन्हाळ्यात आला आणि नेमकी त्याच सुमारास लेकीच्या गाडीची खडखड सुरू झाली.

लेकीनं फोनवर आवाज ऐकवला. पुण्याच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, कॅमशाफ्ट गेलाय, गाडी ठेवून जा. मी फोनवरच ओरडलो. "त्याला हात लावू देऊ नका! इकडं आना. धोंड्याला येनारच हाये ना तुमी?" ती म्हणाली, "आप्पा, पण तुम्ही आता..." मी म्हणालो, "आता काय? हात तुटले का माझे?" ती बरं म्हणाली. माझ्याशी बोलताना ती बरेचदा अशी मधेच थांबते. तेव्हा मला त्यात काही वाटत नव्हतं.

घोडेगावच्या अलीकडं हायवेला लागून माझं गॅरेज होतं. बाजाराच्या दिवशी बैल-म्हशी घेऊन येणारे टेम्पो बंद पडायचे ते जणू माझ्या दारातच. अख्खं आयुष्य त्यात गेलं. शटर ओढलं ते गेल्या वर्षी. लोकांना सांगितलं, वय झालं, बास आता. खरं कारण डोळे होते. लांबचं अजून ठीक दिसायचं, पण हातातलं काम धुरकटलेल्या काचेतून बघावं तसं दिसायचं. बायको म्हणायची, नगरला जाऊन डोळे तपासा. मी म्हणायचो, चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही. मोतीबिंदू हा शब्द घरात कुणी काढला की मी ताटावरून उठायचो. असला माझा स्वभाव. आमच्या घरात लोक बोलण्याआधी माझ्या तोंडाकडं बघतात.

तर लेक-जावई सकाळी आले. गाडी हायवे सोडून वस्तीच्या रस्त्याला लागली तेव्हापासूनच आवाज येत होता. मला कान देऊन ऐकायची गरजही पडली नाही. चहा झाला आणि बायको ओवाळणीचं ताट लावेपर्यंत मी लिंबाखाली गाडीचं बॉनेट उघडूनसुद्धा टाकलं.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर आडवी बसलेली लोखंडी दांडी. तिच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडी फिरली की ते उंचवटे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, खाली दाबतात, आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडले-मिटले की इंजिन चालतं. ही सगळी वेळ ठरते ती दांडीच्या टोकाच्या चाकावरच्या, म्हणजे पुलीवरच्या, एका खुणेवर. पुलीची खूण आणि मागच्या पत्र्याची खूण समोरासमोर आणायची, मग तिला इंजिनाशी जोडणारा पट्टा चढवायचा. एवढं चुकलं नाही की बाकीचं काही चुकत नाही.

खोलायचं काम मी असं केलं की माझं मलाच बरं वाटलं. बोल्ट बोटांना कळतात. कुठला दहाचा, कुठला बाराचा, हे बघायला लागत नाही. कव्हर काढलं, पट्टा उतरवला, जुना कॅम बाहेर ओढला आणि अंगठा फिरवला. दोन उंचवटे चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत होऊन गेले होते. मी जावयाला हाक मारून दाखवलं. "हे बघा जावईबापू, हितं खाल्लंय." जावई खुर्चीवरून उठून आला, नव्या शर्टाची बाही वर करायला लागला आणि म्हणाला, "मामा, मी टॉर्च धरतो."

"बसा तुमी. जावयानं हात काळे करायचे व्हय, ते पन धोंड्याच्या महिन्यात? लोक तोंडात शेन घालतील माझ्या."

तो गुमान खुर्चीवर जाऊन बसला. पोरगा शांत आहे. माझ्यासारखा माणूस सासरा म्हणून मिळाला तरी लग्नापासून त्यानं कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

नवा कॅम मी स्वतः नगरला जाऊन आणला होता. त्याला ऑइल चोळून बसवला, त्याच्यावरच्या झाकण्या आवळल्या, व्हॉल्व्हच्या फटी मापाच्या पातळ पात्यानं मोजल्या. ते पातंसुद्धा हाताला कळतं, ओढताना किती घासतंय यावरून. इथपर्यंत माझ्या डोळ्यांची कुणाला गरज पडली नव्हती, आणि मी मनातल्या मनात बायकोला म्हणत होतो, बघ, झालं का नाही?

मग पुली आली.

खूण दिसेना. मी डोकं तिरकं केलं, जवळ नेलं, लांब केलं. डोळे चोळले तर ऑइल गेलं आणि होतं तेही दिसेनासं झालं. ती खूण तशी बारीकच असते, तीळभर. जावई समोर खुर्चीवर बसला होता. चार पावलं. "जरा बघता का, खून कुठं हाय?" एवढंच म्हणायचं होतं. पण ज्याला आज पाटावर बसवून ओवाळायचं, त्याच्यासमोर वाकून मी म्हणणार की मला दिसत नाही? आणि उद्या तो पुण्याला जाऊन सांगणार, मामांचे डोळे गेले? त्यापेक्षा मी नखानं चाचपायला लागलो. पुलीच्या कडेवरून नख फिरवत गेलो आणि एका ठिकाणी ते अडकलं. सापडली, म्हटलं. ऊर भरून आला माझा.

ती खूण नव्हती. आधीच्या कुठल्या तरी मेकॅनिकचा पाना घसरून पडलेला तो ओरखडा होता. खरी खूण इतकी बारीक की नखाला लागलीच नसेल. पण हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी तो ओरखडा पत्र्यावरच्या, बोटाला लागणाऱ्या खुणेसमोर आणला आणि पट्टा चढवला.

तेवढ्यात जावई उठून आला आणि माझ्या खांद्यावरून वाकला. "मामा, एक विचारू का?"

"जेवन झाल्यावर इचारा. तुमाला आत बोलवत्यात. जावा."

खरंच बायको हाक मारत होती. तो जरा वेळ उभा राहिला आणि आत गेला. आत लेकीशी त्याचं काहीतरी हळू आवाजात बोलणं चाललेलं मला ऐकू आलं. मला वाटलं, उकाड्याचं बोलत असतील.

पट्टा चढवला की इंजिन हातानं फिरवून बघायचं, हे मी गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला शिवीसकट शिकवलं होतं. मी फिरवलं. अर्ध्यात ते अडलं. कुठलाही मेकॅनिक तिथं थांबतो. मी म्हटलं, नवा कॅम आहे, जरा जड जाणारच. तेही मी मोठ्यानं म्हटलं, लिंबाला ऐकू जावं असं. उलटं फिरवून सोडलं आणि कव्हर लावलं.

आत ओवाळणं झालं, जेवणं झाली. मी दोन धोंडे जास्त खाल्ले. मग जावयाला म्हणालो, "चला, चावी तुमीच फिरवा. तेवढा मान तुमचा." तो गाडीत बसला. माझ्याकडं बघत राहिला. "मामा, फिरवू ना?" मी म्हणालो, "फिरवा की! मुहूर्त बघताय काय?"

आधी कट् कट् असा आवाज झाला, मग आतून काहीतरी मोडल्यासारखं, आणि मग स्टार्टर नुसता मोकळा फिरायला लागला, विहिरीत पाणी नसताना मोटर फिरावी तसा. मी हात वर केला. तो आवाज मी जन्मभर इतरांच्या गाड्यांचा ऐकला होता. आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर आला आणि व्हॉल्व्ह खालीच होते. व्हॉल्व्ह वाकले. आता इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, पूर्ण उतरवल्याशिवाय गाडी चालणार नव्हती, आणि लेकीला तर दुसऱ्या दिवशी पुण्याला परत जायचं होतं.

नेमका तेव्हाच माझा चुलतभाऊ जावयाला भेटायला आला. शेजारीच त्याची वस्ती. बरोबर त्याची बायको आणि आणखी दोन-तीन माणसं. त्यानं उघडं बॉनेट बघितलं. "काय झालं रं? मेकॅनिकच्या दारात गाडी बंद?"

मी तोंड उघडण्याआधीच जावई गाडीतून उतरला आणि म्हणाला, "माझ्यामुळं झालं. मामांचं काम संपलं नव्हतं, मी घाईनं चावी फिरवली."

चुलतभावाला तेवढंच पाहिजे होतं. "पुन्याचे जावई! चावी फिरवता येईना आन् धोंडे खायला आले!" सगळे हसले. जावयाची थट्टा करायची रीतच आहे, त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. जावईसुद्धा हसला, त्यांच्याबरोबर. मी पुसायचं फडकं हातात घेऊन उभा होतो. चुलतभावाच्या बायकोनंही एक टोमणा मारला, आणखी हसू झालं. माझ्याच अंगणात, मान द्यायच्या दिवशी, माझ्या चुकीवर त्या पोराला हसत होते आणि मी ऐकून घेत होतो. कानशिलं इतकी तापली की मला वाटलं लोकांना दिसत असेल. शेवटी हातातलं फडकं मी बॉनेटवर टाकलं.

"गप बसा रं," मी म्हणालो. "त्येंनी काय केलं न्हाई. टायमिंग मी चुकवलं. मला खून दिसली न्हाई. मला दिसतच न्हाई आता जवळचं, वरीस होऊन गेलं."

चुलतभाऊ "असू दे, असू दे, व्हतंय" असं काहीतरी म्हणाला. चहा न घेता निघाला. बायको दारात उभी होती. मला मात्र आतून मोकळं वाटलं. वाटलं, झालं, एकदाचं सांगून टाकलं. चारचौघांत कबूल केलं, आता आणखी काय लाज उरली? मी स्वतःवर थोडा खूषसुद्धा झालो. म्हणजे बघा.

जावई कव्हर काढून पुलीपाशी वाकला होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "जावईबापू, माफी असावी. तुमी उगीच माज्यासाठी बोलून घेतलं."

तो वर न बघता म्हणाला, "मामा, मला दिसलं होतं."

"काय?"

"तुम्ही पट्टा चढवत होता तेव्हाच. खरी खूण ही इकडं आहे, बघा. तुम्ही ओरखड्यावर लावत होता. मी विचारणार होतो."

मला आधी त्याचाच राग आला. अजून सांगतो, आधी रागच आला. "मग बोलला का न्हाई? इंजिन जाऊ दिलं?"

तो पुलीपासून उठला. मग सांगू नये ते सांगावं तसा म्हणाला, "आत जाऊन हिला सांगितलं. म्हटलं, आपण मामांना सांगू या का. ती म्हणाली, नको. राहू द्या. गाडी बिघडली तर पुण्याला करून घेऊ."

मी घराकडं बघितलं. माझी लेक दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. लांबचं मला अजून स्पष्ट दिसतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी आता काय बोलतो ते बघायला, आणि तिनं आपल्या नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं की मागं सरका.