दसऱ्याची डिलिव्हरी

आमच्या परळच्या सोसायटीत कोणाच्याही घरी जा, दिवाणखान्यात एक काचेचं कपाट असतंच. त्यात सिंगापूरहून आणलेला सिंह, नातवाची पदकं आणि लग्नात मिळालेला, कधीही न वापरलेला टी-सेट. दुसऱ्या मजल्यावरच्या सिद्धार्थ गमरेच्या कपाटात मात्र मोडकं लोखंड आहे. पंपाचा झिजलेला दांडा, सायकलची तुटलेली साखळी, कुठल्याशा यंत्राचं दात गेलेलं चाक. प्रत्येकाखाली एक पांढरं कार्ड: काय मोडलं, कधी मोडलं, का मोडलं.

त्याचे वडील गिरणीत फिटर होते. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्यांच्या एका खोलीत माणसांनाच जागा पुरत नव्हती, तरी खाटेखाली असल्या तुकड्यांचा एक डबा असायचा म्हणे. मोडलेली वस्तू का मोडली ते कळल्याशिवाय भंगारात टाकायची नाही, हा त्यांचा नियम. मुलाने तो पुढे चालवला आणि आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवता शिकवता केस पिकवले.

मी हसायचो त्याला. मी म्हणजे शरच्चंद्र, तिसरा मजला. एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या आणि निवृत्त झालो. आमच्या आजोबांची गिरगावात तीन घरं होती. त्यातलं एकही उरलं नाही, ताठा तेवढा उरला.

दोन वर्षांपूर्वी गमरेने आणि मी एकाच शोरूममध्ये एकाच मॉडेलच्या गाड्या बुक केल्या. दोन्ही गाड्या एकाच ट्रेलरवरून आल्या, आणि आल्या त्या नेमक्या पितृपक्षात. गमरे दुसऱ्याच दिवशी जाऊन आपली घेऊन आला. शोरूम ओस पडलेली, त्यामुळे सेल्समनने त्याला तासभर एकेक बटण समजावून सांगितलं.

मी अडून बसलो. माझी मुलगी जुई फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस तिला शिवडीहून सागरी सेतू ओलांडून उरणच्या दवाखान्यात जायचं असतं, आणि गाडी घेतली होती ती त्यासाठीच. ती म्हणाली, "बाबा, आली आहे ना गाडी? मग आणू या की."

मी म्हटलं, पितृपक्षात लोखंड दारात आणायचं नसतं. दसऱ्याला आणू, झेंडूचा हार घालून. गाडी अठरा दिवस शोरूमच्या मागे ऊन खात उभी राहिली आणि पोरगी बसगाड्या बदलत उरणला जात राहिली. पितर त्यामुळे किती संतुष्ट झाले ते त्यांनाच ठाऊक.

त्याच दिवसांतली गोष्ट. लिफ्टमध्ये गमरे होता, हातात पेढ्यांचा पुडा. आम्हाला पेढे देऊन तो दुसऱ्या मजल्यावर उतरला. दार सरकत होतं तेव्हा मी जुईला म्हटलं, "यांचं बरं असतं. ना पितर, ना पक्ष." जुईने स्वतःचा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. गमरेला ऐकू गेलं नसावं, अशी मी माझी समजूत करून घेतली.

यंदा मार्चमध्ये रिकॉल निघाला. त्या मॉडेलच्या काही गाड्यांचं पुढचं चाक चालता चालता आडवं पडलं होतं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो ओततानाच कच्चा राहिला होता. कंपनीने मालकांना पत्रं पाठवली की गाडी घेऊन या, आर्म बदलून देतो. गमरेला पत्र आलं. मला आलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. खाली बाकावर बसणाऱ्या चार म्हाताऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, "मुहूर्ताची गाडी आहे, बघा!" चौघांनीही माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलवायला माणसं कधी कमी पडत नाहीत.

गमरेने सर्व्हिस सेंटरमध्ये नवे आर्म बसवून घेतले आणि जुना मागितला. ते म्हणाले, तो कंपनीला परत जातो. हा म्हणाला, माझ्या गाडीचा आहे, मी बसतो. डबा घेऊन सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत बसला. शेवटी पीडा टळावी म्हणून त्यांनी दोनांतला एक दिला.

संध्याकाळी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते लोखंड घेऊन माझ्या दारात उभा. "काका, तुमची गाडी जरा जॅकवर घेऊ का? पाच मिनिटं."

मी कपाळाला आठ्या घालूनच खाली गेलो. तो सरळ जमिनीवर आडवा झाला, टॉर्च दातात धरून गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट काळा झाला होता. त्याने हातातल्या लोखंडावरचा नंबर मला दाखवला, मग मोबाइलवर माझ्या गाडीच्या आर्मचा फोटो. नंबर एकच.

"एकाच बॅचचं ओतकाम आहे, काका. चेसिस नंबर पण बघितला. तुमची गाडी माझ्या आधी बनलीय."

जुई त्याच संध्याकाळी ऐंशीच्या वेगाने पूल ओलांडून आली होती.

दुसऱ्या दिवशी गमरे सुट्टी टाकून माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला आला. मॅनेजरचं नाव विक्रांत. दाढी कोरलेली, टेबल काचेचं, आणि त्या काचेपलीकडे डोक्यात काही असलंच तर ते कॉम्प्युटरमध्ये ठेवलेलं.

"सर, तुमची गाडी सिस्टममध्ये ग्रीन दाखवतेय. तीस सप्टेंबरपर्यंत बिल झालेल्या गाड्या रिकॉलमध्ये आहेत. तुमचं बिल बारा ऑक्टोबरचं."

गमरेने काचेवर लोखंड ठेवलं, शेजारी फोटो ठेवला. "साहेब, नंबर सेम आहे. लोखंडाला तुमचं बिल वाचता येतं का?"

विक्रांतने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे वळला. "पण सर, गाडी तर सप्टेंबरमध्येच आली होती. तुम्ही डिलिव्हरी एवढी लेट का घेतलीत?"

शेजारी गमरे बसलेला, आणि त्याच्यादेखत मला पितृपक्षाचं नाव घ्यायचं होतं.

"ते त्यांच्या घरचं कारण आहे," गमरे म्हणाला. "तारीख तुम्ही लावलीय. तिचं कारण सांगा."

तिचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे यादी, माझ्या पैशाने नवा आर्म बसवा. त्यावर विक्रांत म्हणाला, "नवा आर्म फक्त रिकॉलच्या गाड्यांना, सर. जुन्या टाइपचा स्टॉकमध्ये आहे, तो लावून देऊ?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ गाढवं पाहिली. पण मोडणारा आर्म काढून त्याच जागी मोडणारा आर्म लावून देण्याची तयारी इतक्या अदबीने दाखवणारं पहिल्यांदा पाहिलं.

लालबागचे दोन गॅरेजवाले झाले, पार्ट बाजारात नाही. गमरेने मुद्देसूद तक्रार लिहिली, फोटो जोडले. वीस दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं: आपली गाडी रिकॉलच्या यादीत नाही, त्यामुळे ती सुरक्षित आहे, आपला प्रवास आनंदाचा होवो.

असली उत्तरं मी स्वतः शेकड्यांनी लिहिली आहेत. आधी यादी कुठे संपवायची ते ठरवायचं, मग यादीबाहेरचा माणूस जगात नाहीच असं धरून चालायचं. तेव्हा त्याला मी शिस्त म्हणत होतो. आता त्याच शिस्तीवर माझी पोरगी समुद्रावरून जाणार होती.

कारण गाडी बाहेर काढू नये म्हणून मी जुईला घ्यायला लावलेली रजा संपली होती. सोमवारी सकाळी तिने किल्ली उचलली. म्हणाली, "पेशंट ताटकळलेत, बाबा. बसने गेले तर अर्धेसुद्धा होत नाहीत. हळू चालवीन." मी तिच्यामागे ओरडत जिने उतरलो. लिफ्टची वाट बघण्याइतका धीरही नव्हता.

खाली गमरे आपल्या गाडीजवळ उभा होता, खांद्याला डब्याची पिशवी. आमचा तमाशा त्याने दोन मिनिटं पाहिला. मग जुईच्या हातातली माझ्या गाडीची किल्ली काढून त्याने माझ्या खिशात घातली आणि स्वतःची तिच्यापुढे धरली.

"ही घेऊन जा. माझं बसने भागतं. काकांची गाडी यादीत येईपर्यंत ही तुझ्याकडेच."

"अहो पण कधी येणार ती यादीत?" मी म्हटलं.

"आणू ना. दसऱ्याला डिलिव्हरी घेतलेले आणखी अकरा जण शोधलेत मी. सगळ्यांच्या आर्मचे फोटो काढायचेत."

मला तोंड वर करवेना. इतकी वर्षं मी त्याला आडनावानेच हाक मारत आलो होतो. "सिद्धार्थ," मी म्हटलं, "त्या दिवशी लिफ्टमध्ये मी जे काही—"

"ऐकू आलं होतं, काका."

तेवढंच म्हणाला. मग खिडकीशी वाकून जुईला सांगायला लागला, "रिव्हर्स गिअर जरा घट्ट आहे. दाबून टाक."