विमानाची मूठ

"आधी मूठ पाहावी, मंग मानूस पाहावा," हे लटारू सुताराचं पालुपद. नागभीडच्या धानपट्ट्यात एकेकाळी त्याच्या हातचा नांगर नाही असं आवार सापडत नसे. ट्रॅक्टर आले, नांगर गेले. पालुपद तेवढं राहिलं.

मग नागपूरच्या एका हौशी मंडळानं जुनं शिकाऊ विमान प्रदर्शनासाठी पुन्हा उभं करायला घेतलं. वैमानिकानं हातात धरायची मूठ आणि पायांनी रेटायची दांडी, दोन्ही लाकडी, दोन्ही कुजलेल्या. हुबेहूब तशाच घडवायचं काम आलं वारलूकडे. लटारूच्याच ओसरीवर रंधा धरायला शिकलेला वारलू!

लटारूच्या घशाखाली भात उतरेना.

"त्याले का समजते इमानातलं?" तो बायकोवर डाफरला.

"तुमाले समजते?" गुणाबाई म्हणाली. "नमुना त्याच्यापाशी हाये. जाऊन पाहून या."

"मी? त्याच्या दारात?"

तो गेला नाही. वारलूच्या घरावरून जाताना मान फिरवी, पण कान तिकडेच. आतला रंधा अडखळला की त्याला बरं वाटे. सरळ चालला की दिवसभर जीव जळे. अखेर त्यानं जपून ठेवलेला जुन्या सागाचा तुकडा काढला आणि स्वतःच मूठ घडवली. बोटांच्या खाचा लोण्यात उमटाव्यात तशा. अशी मूठ वारलूच्या बापजन्मी होणार नव्हती.

मंडळाची दिव्यानी मॅडम विमानातली मुठीची लोखंडी नळी घेऊन वारलूच्या अंगणात आली, तेव्हा लटारू न बोलावता पोचला.

"हेही लावून पाहा, बाई."

दिव्यानीनं मूठ उलटसुलट पाहिली. "किती सुंदर झालीय!"

लटारूनं वारलूकडे पाहिलं. वारलूची नजर खाली गेली.

तिनं मूठ नळीवर बसवली, स्टुलावर बसून उजव्या हातानं धरली. पुन्हा धरली. अंगठ्याच्या जागी उंचवटा, बोटांखाली पोकळी.

"भाऊ, ही डाव्या हाताची झाली. विमान उजव्या हातानं चालवतात."

वारलूच बोलला, "भाऊनं जिनगीभर नांगर घडवले, मॅडम. उजव्या हातात तुतारीची काठी, बैल हाकाले. नांगराची मूठ डाव्याच हातात राह्यते."

हसला असता तर लटारूनं त्याला माफ केलं असतं.

"भाऊ," वारलूनं तडकलेली पायदांडी पुढं केली, "हे मले जमून नाई राह्यली. तुमी घडवता का?"

लटारूनं दांडीवरून अंगठा फिरवला. लाकडाची रेषा सोडून कापलेली. त्याच्या हाताला एका दिवसाचं काम.

"ज्याच्या नावानं काम आलं, त्यानंच करावं," असं म्हणून त्यानं ती खाली ठेवली, नळीवरची आपली मूठ उपसली आणि निघाला. रेल्वे फाटकापाशी तो वळेपर्यंत वारलू दारात उभा राहून पाहत होता.