पगारी नाय, घरचा माणूस

१९८६ साल. मी बेचाळीस वर्षांचा होतो.

एवढं लिहिलं, पेन खाली ठेवला आणि उठून दाराला कडी घातली. घरात कुणी नाय. मुलगा कामावर, सून माहेरी. तरी घातली. कारण हे मी बायकोला सांगितलं नाय, भावाला नाय, देवापुढं हात जोडून मनातल्या मनातसुद्धा बोललो नाय. तुम्ही मला ओळखत नाय — म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखत असता तर माझी हिंमत झाली असती का? नसती.

माझं शिक्षण तिसरी. पोलीस ॲक्शन झाल्यावर फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात मराठी शाळा निघाली. तिथं बसलो, आणि एक दिवस मास्तरांनी सगळ्यांपुढं कान पिळला म्हणून उठलो तो पुन्हा गेलो नाय. मी असाच. एकदा नाय म्हणलं की नाय. त्याच हट्टावर शहरात येऊन शहागंजात बारदानाचं दुकान काढलं — कापूस-मक्याची रिकामी पोती, सुतळी, ताडपत्री. चांगलं चाललं. मग एक पांढरी मोटार घेतली, कुणाची तरी वापरलेली. चालवायला मला येत नव्हती. शिकलोही नाय. चाळिशीत कुणाच्या शिव्या खात शिकायचं?

युसूफ चालवायचा. सिल्लोडचा, माझ्या बायकोच्या माहेरच्या गल्लीतला. ती त्याला लहानपणापासून राखी बांधायची, म्हणून मी त्याचा दाजी. पगार द्यायचो — पण पगार हा शब्द आमच्यात कधी निघाला नाय. जेवायला माझ्या शेजारी बसायचा, भाजीत मीठ कमी असलं तर माझ्याआधी तोच ओरडायचा, "आक्का, दाजीला आळणी खायला घालती व्हय?"

आता विम्याचं. तिथंच यायचंय मला. फिरून फिरून तिथंच.

साठे नावाचे एजंट दुकानात आले होते. गाडीचा विमा त्यांनी करून दिला आणि म्हणाले, "शेठ, हे वरचं एक कव्हर आहे. सक्तीचं नाही, मर्जीचं. पगारी ड्रायव्हर ठेवलाय ना? उद्या गाडीवर असताना त्याला काही झालं, त्यानं कोर्टात दावा लावला, तर तुमच्या जागी कंपनी उभी राहते. वरचे पैसेही थोडेच पडतात."

पैशाचं कारण नव्हतंच. मला लागला तो दावा हा शब्द. युसूफ तिथंच पोत्यांच्या थप्पीवर बसून चहा पीत होता. शेजारचा किराणावाला मजा बघत होता. तो म्हणाला, "घ्या शेठ, घ्या. मेव्हण्याचं काय सांगता येतं? बहिणीला घेऊन जाईल तो कोर्टात!"

सगळे हसले. मी नाय हसलो. मी म्हणालो, "साठे, हा पगारी नाय. घरचा माणूस हाये. माझ्यावर दावा लावणारा अजून जन्माला यायचाय."

युसूफनं कप खाली ठेवून छातीवर हात ठेवला. त्याचं तोंड कसं उजळलं होतं — ते मला अजून दिसतं. मोठा वाटलो मी स्वतःला. साठ्यांनी तेवढं सोडून बाकीचं भरलं.

चार दिवसांनी गाडीत आम्ही दोघंच होतो. तो पुढं बघत म्हणाला, "दाजी, रागावू नका. ते साठे सांगत व्हते ते घेऊन टाका ना. माझं काय नाय, शमीम लई भिते. ह्या रोडवर रोज काहीतरी व्हतंय."

शमीम त्याची बायको. नवं लग्न होतं तेव्हा.

मी घेतो म्हणू शकलो असतो. पण मग साठ्यांपुढं जाऊन काय सांगायचं — माझं चुकलं? किराणावाल्यापुढं? मी म्हणालो, "घेतलं."

"खरंच? कवा?"

"तुझ्या माघारी. आता त्याचा विषय नको."

त्यानं मोकळ्या रस्त्यावर दोनदा हॉर्न वाजवला. खुशीनं. समोर कुणी नव्हतं.

घ्यायचं मनात नव्हतं असं नाय. आज घेऊ, पुढच्या खेपेला घेऊ. विम्याचं साल पालटलं, साठे आले, आणि मी पुन्हा म्हणालो, राहू द्या. पहिल्यांदा का नाय म्हणालो ते तुम्हाला सांगितलं. दुसऱ्यांदा का म्हणालो? ते मलाच सांगता येत नाय.

कापसाचे दिवस. सिल्लोडच्या एका व्यापाऱ्याला नातू झाला म्हणून मी युसूफच्या हाती पेढ्यांचा पुडा पाठवला. माझ्याच दुकानाची सुतळी बांधून. व्यापाऱ्याच्या दाराला कुलूप होतं, तसा तो परत निघाला. चौक्याच्या घाटात दिवस मावळता एक ट्रॉली उभी होती, कापसानं भरलेली, मागं लाल दिवा नाय. गाडी तिच्यात घुसली. युसूफचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बघायला गॅरेजात गेलो. पुढचा भाग आत गेलेला. मागच्या सीटवर पेढ्यांचा पुडा जसाच्या तसा. सुतळीसुद्धा सुटली नव्हती.

तिथून साठ्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "गाडीचे पैसे मिळतील, शेठ. पण ड्रायव्हरचं आपण घेतलं नव्हतं. तुमच्या कामावर होता का? मग त्याचा दावा तुमच्यावर येईल. दुकानावर येईल, घरावर येईल. तेव्हा मी बोललो होतो —"

पुढचं मी ऐकलं नाय. मी कुणाला भीत नाय असं आयुष्यभर सांगत आलेला माणूस — त्यांच्या ओट्यावर बसलो. मग उठलो, पुन्हा गाडीपाशी गेलो, तो पुडा उचलला आणि नाल्यात फेकला. वाहून जाईपर्यंत उभा राहिलो.

तेव्हापासून भीती आत शिरली. काळा कोट दिसला की मी दुकानाच्या मागच्या बाजूला पोती मोजायला जायचो. पोस्टमन आला तरी तेच.

आठवड्यानं विमा कंपनीचा चौकशीचा माणूस दवाखान्यात आला. मी खाटेजवळ उभा. शमीम खाली बसलेली, मोठं पोट घेऊन. त्या माणसानं विचारलं, "हा तुमचा ड्रायव्हर? कुणाच्या कामाला गेला होता?"

मी म्हणालो, "पगारी नाय. घरचा माणूस हाये."

तेच शब्द. दुकानात ज्या शब्दांनी त्याचं तोंड उजळलं तेच. आणि पुढं म्हणालो, "सिल्लोड त्याचं गाव. स्वतःच्या कामानं गाडी नेली होती. मला ठाऊक नव्हतं."

शमीमनं मान वर केली. तो माणूस युसूफकडं वळला, "हे खरं आहे का?"

युसूफ माझ्याकडं बघत राहिला. मी पांघरूण बघत होतो — उजवीकडं ते सपाट होतं. मग तो शमीमला ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी बोल्ले सो सच्ची है."

का म्हणाला? तुम्हाला वाटेल, माझी लाज राखायला. मलाही तसं वाटून घ्यायचं होतं. पण तो माणूस गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "दाजी, कागदाचं तुम्हाला कळतं. मी म्हणलो ते बरोबर ना? ते आपलं कव्हर हाये — आता कामाला येईल ना?"

माझी पहिली थाप खरी धरून त्यानं दुसरीवर मान डोलावली होती. त्याला वाटलं, दाजी त्याच्याचसाठी काहीतरी डाव टाकतोय.

मी म्हणालो, "येईल."

आलं नाय. कुठून येणार? मी त्याला कंपनीनं नाकारलं म्हणून सांगितलं आणि त्यानं कंपनीला शिव्या दिल्या. सिल्लोडला घड्याळं दुरुस्त करायचं टेबल टाकून बसला. दर राखीला एसटीनं यायचा. कुबडी पायरीवर टेकल्याचा आवाज आला की मला वाटायचं — आज विचारणार. आज बायकोपुढंच विचारणार. तो आत येऊन म्हणायचा, "आक्का, आज तरी मीठ घातलं का?" आणि माझ्या शेजारी बसायचा. कधी विचारलं नाय. त्याला कळलं होतं की नाय, हेही मला कळलं नाय. तो गेला. बायकोही गेली. आवाज अजून येतो.

पण दवाखान्यातल्या त्या चौकशीच्या दुसऱ्या दिवशीचं राहिलं. ते सांगितलं नाय तर वरचं सगळं लिहून उपयोग नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी साठ्यांच्या घरी गेलो. गाडी अजून गॅरेजात होती. मी म्हणालो, ते ड्रायव्हरचं मर्जीचं कव्हर आहे ना, ते आता घालून टाका.

साठ्यांनी चष्मा लावला. मान वर न करता विचारलं, "नवा कोण ठेवणार? हाही घरचाच का?"

"नाय," मी म्हणालो. "पगारी."

आणि सही केली.