परत पाठवलेली माणसं

हवालदारबाईंना पोलिसात एकवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली चौदा वर्षं त्या ठाण्याच्या एकाच टेबलामागे बसल्या होत्या. दारातून आत आलं की डावीकडे ते टेबल. ज्याचं काही चोरीला गेलं, ज्याला कोणी मारलं, ज्याला कोणाची भीती वाटते, तो पहिल्यांदा त्यांच्यासमोर येऊन उभा राहायचा. बाई ऐकून घ्यायच्या. मग ठरायचं, की याचं म्हणणं जाड नोंदवहीत जाणार, की हा आल्या पावली परत जाणार. ठरवायचे साहेब, सांगायच्या बाई.

शेचाळिसाव्या वर्षी त्यांनी गुन्हेशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं, ते काही ज्ञानाची तहान लागली म्हणून नव्हे. बढतीच्या यादीत पदव्युत्तर पदवीला जादा गुण होते आणि बाईंच्या मागून आलेली तीन माणसं पुढे निघून गेली होती. नवरा लेथवर काम करायचा. मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "जन्म चोरांत गेला. आता त्यांचं पुस्तकही वाच." मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिने आईचा फॉर्म भरून दिला आणि फोटो चारदा काढला, कारण प्रत्येक फोटोत आई समोर आरोपी उभा असल्यासारखी बघत होती.

वर्ग शनिवारी-रविवारी सकाळी, तिसऱ्या मजल्यावर. खुर्च्यांना लिहायची फळी जोडलेली. त्यात बसलं की बाईंना उठताना आधी वही, मग पर्स, मग स्वतःला सोडवावं लागे. बरोबरची पोरं बावीस-तेवीसची. पहिल्या आठवड्यात ती त्यांना काकू म्हणाली. बाईंनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यापासून सगळी ताई म्हणू लागली.

पहिलं वर्ष पाठांतरावर निघालं. व्याख्या, सिद्धांत, परदेशी माणसांची नावं. गुन्हा का घडतो याची सात कारणं बाईंनी घोकली आणि परीक्षेत उतरवली, पण ठाण्यात बसल्यावर समोर येणारा माणूस त्या सातांत कुठे बसतो हे त्यांना कधी जमलं नाही. खरं घोडं पेंड खायला लागलं ते दुसऱ्या वर्षी.

शिकवणाऱ्या मॅडम बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, दर वर्षी नव्याने नेमणूक होणाऱ्या. हुशार होत्या, मनापासून शिकवायच्या. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, त्यात एक बारीक फोड आखली आणि म्हणाल्या, "ही फोड म्हणजे नोंदलेले गुन्हे. उरलेलं सगळं अंधारात. लोक तक्रारीलाच येत नाहीत, किंवा येतात पण नोंद होत नाही. तो भाग किती मोठा आहे, हे कोणालाच माहीत नाही."

मागच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या, "मॅडम, थोडं मला माहीत आहे."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे?"

"म्हणजे ती माणसं माझ्या टेबलावरूनच परत जातात."

बोलून गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की हे वाक्य त्यांनी आजवर कोणाला, घरातसुद्धा, म्हटलं नव्हतं. मॅडमनी तास संपल्यावर त्यांना थांबवलं. प्रबंधिकेला हाच विषय घ्या म्हणाल्या. नोंद न झालेल्या तक्रारी, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं. पन्नास जणांच्या मुलाखती, एक प्रश्नावली, शंभर पानं. "असा विषय आमच्याकडे कोणी घेऊ शकत नाही, ताई. तुम्हीच घेऊ शकता."

बाई त्या दिवशी जिना उतरल्या त्या पंचविशीतल्या बाईसारख्या. बढती-बिढती सगळं बाजूला पडलं.

नोकरीतल्या माणसाला आपल्याच खात्याबद्दल लिहायचं तर परवानगी हवी. बाईंनी अर्ज लिहिला. ठाण्यात येणारा प्रत्येक कागद त्यांच्याच टेबलावरून आत जायचा, तेव्हा स्वतःच्या अर्जावर आवक क्रमांक घालून, शिक्का मारून, तो त्यांनी स्वतःच साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी वाचला. "नोंद न झालेल्या?" ते म्हणाले. "आपल्याकडे नोंद न झालेलं काय आहे, बाई?"

"अभ्यासापुरतं आहे, साहेब."

"मग वर पाठवू. माझी हरकत नाही." हरकत नाही म्हणजे होकारही नाही, हे एकवीस वर्षांत बाई शिकल्या होत्या.

अर्ज वर गेला. एका महिन्याने परत आला: दोन प्रती जोडाव्यात. पुन्हा गेला, पुन्हा आला: विद्यापीठाचं पत्र जोडावं. विद्यापीठ म्हणालं, आधी खात्याची परवानगी दाखवा, मग पत्र देतो. बाई दोन कचेऱ्यांच्या मधल्या रस्त्याने इतक्या वेळा गेल्या, की बसचा वाहक त्यांना विचारू लागला, "आज कोणती सही?" सातव्या महिन्यात उत्तर आलं. दीड ओळ. विषय संवेदनशील असल्याने परवानगी देता येत नाही.

तोवर वर्गातल्या बाकीच्यांच्या प्रबंधिका बांधून तयार होत्या. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, वेळ उरला नाही. मोबाईलचोरीविषयी कॉलेजातल्या मुलांची जागरूकता, असा विषय घ्या. कँटीनमध्ये दोन दिवस उभ्या राहिलात तर साठ फॉर्म भरून होतील."

"मुलं जागरूक आहेत का नाहीत, हे कळून कोणाचं काय भलं होणार आहे?"

"पदवी होईल," मॅडम म्हणाल्या. त्यांचा स्वर दुष्टपणाचा नव्हता, दमलेल्या माणसाचा होता.

बाईंनी घरी येऊन ताट वाढलं तसंच बाजूला सारलं. नवरा म्हणाला, "नोंदींना हात लावायला परवानगी लागते. माणसांशी बोलायला कोणाची लागते?"

यावर त्या रात्रभर नाही, पण भाजी चिरताना दोन दिवस विचार करत होत्या. मग त्यांनी मुलीची कोरी वही घेतली आणि परत पाठवलेली माणसं आठवायला सुरुवात केली. त्रेचाळीस चेहरे आठवले. नावं आठवली एकोणीस. कुठे राहतात वा काम करतात हे ठाऊक होतं सोळांचं.

सुटीच्या दिवशी साध्या कपड्यांत, हातात प्रश्नावली घेऊन, त्या दारोदार फिरू लागल्या. विद्यार्थिनी म्हणून ओळख सांगायच्या. पण चौदा वर्षं त्या टेबलामागे दिसलेला चेहरा काही कपडे बदलून बदलत नाही. दार उघडायचं, माणूस त्यांच्याकडे पाहायचा आणि अंग चोरायचा. "आमची काही तक्रार नाही, बाई." "आमचं तेव्हाच मिटलं." एका म्हाताऱ्याने, ज्याला भाडेकरूने जिन्यावरून ढकललं होतं, त्यांना खुर्ची दिली आणि प्रत्येक प्रश्नाला पोलीस फार चांगले आहेत असंच उत्तर दिलं. जाताना त्याने विचारलं, "मी बरोबर सांगितलं ना?"

सोळा दारं झाली. बोललेली माणसं चार. त्या चारांतली शेवटची झेरॉक्सवाली.

पाच वर्षांपूर्वी तिचं शाळेजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. एक माणूस रोज येऊन समोरच्या खांबाला टेकून उभा राहायचा. काही बोलत नसे, काही करत नसे. दुकान बंद करून निघाली की मागे चालायचा. असं चार महिने. ती तक्रार घेऊन आली तेव्हा साहेब म्हणाले होते, उभं राहणं हा गुन्हा नाही. आता ती खोके चिकटवायच्या कारखान्यात होती. जेवणाच्या सुटीत दोघी मागच्या ओट्यावर बसल्या. तिच्या बोटांवर डिंक वाळलेला होता, तो ती बोलता बोलता सोलत होती.

"मी ओळखलं तुम्हाला," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही मला पाणी दिलंत. बसायला सांगितलंत. मला वाटलं, चला, बाईमाणूस आहे, निभावलं. मग आत जाऊन आलात आणि म्हणालात, 'वेळ बदलून बघ. दुकान तासभर आधी बंद करत जा.'"

बाईंना पाणी आठवत होतं. हे वाक्य आठवत नव्हतं.

"मग केलंस?"

"केलं की. तासभर आधी, मग दोन तास आधी. मग गिऱ्हाईक तुटलं. मग दुकानच बंद केलं."

बाईंनी प्रश्नावली पुढे घेतली. अशा वेळी हातात कागद बरा. नववा प्रश्न: तक्रार नोंदवली न जाण्याचं कारण. खाली खाने होते. पुरावा नसणे. कुटुंबाचा दबाव. भीती. पोलिसांची उदासीनता. इतर.

झेरॉक्सवालीने कागद आपल्याकडे वळवून वाचला. "यात तुम्ही कुठे येता?"

"उदासीनतेत," बाई म्हणाल्या.

"नाही हो. तुम्ही उदासीन नव्हता. तुम्हाला वाईट वाटलं होतं, मी पाहिलं ना." तिने कागद परत दिला. "वाईट वाटून परत पाठवलं, असा खाना नाही यात."

शेवटी संमतीपत्रावर सही हवी होती. ती तिने दिली नाही. "सही करायला तेव्हाच आले होते," एवढंच म्हणाली आणि भोंगा वाजला तशी आत गेली.

चार दिवसांनी बाईंनी प्रश्नावली ठेवली बाजूला आणि त्या सरळ लिहायला बसल्या. माणूस टेबलासमोर आल्यापासून परत जाईपर्यंत काय काय होतं, नोंद वाढली की वरून कसं विचारलं जातं, साहेब भुवई कशी उचलतात आणि त्या भुवईचं आपण वाक्य कसं करतो, सगळं. बावीस पानं झाली. झेरॉक्सवालीचं नाव नव्हतं, पण पाण्याचा पेला होता, आणि ते वाक्यही होतं.

मॅडमनी ती पानं त्यांच्यासमोरच वाचली. मग म्हणाल्या, "ताई, हे 'मी' करून लिहिलंय. संदर्भ नाहीत."

"मी स्वतः केलंय. संदर्भ कोणाचा देऊ?"

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे, असं बाहेरचे परीक्षक म्हणणार. आणि परवानगी नाकारलेला विषय. तुमची नोकरी जाईल. मला पुढच्या वर्षी नेमणूक मिळणार नाही." त्यांनी पानं नीट जुळवली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "मला हे फाडा म्हणवत नाही. पण घेताही येत नाही."

शेवटी बाई कँटीनमध्ये उभ्या राहिल्या. लेकीच्या मैत्रिणींनी दीड दिवसात साठ फॉर्म भरून दिले. काहींनी तर न वाचता. शंभर पानं झाली, बारा रंगीत आलेख झाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेखांचं कौतुक केलं, पोलिसांत राहून शिकल्याबद्दल वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि वर्गातले सगळ्यात जास्त गुण दिले. नवऱ्याने पेढ्यांऐवजी एक चांगलं पेन आणलं. बाईंनी ते घेतलं, पण चेहरा असा होता की मुलीने फोटो काढायचं टाळलं.

ठाण्यात मात्र गडबड झाली. बाई परत पाठवेनाशा झाल्या. समोरचा सांगू लागला की वही उघडायच्या, लिहायच्या, सही घ्यायच्या आणि मग साहेबांना सांगायच्या. दोन महिन्यांत ठाण्याच्या नोंदी दीडपट झाल्या. साहेबांना वर बोलावून विचारलं गेलं, की तुमच्या हद्दीत गुन्हे एवढे का वाढले.

साहेब परत आले ते थेट टेबलाशी. "बाई, तुम्ही शिकलात ते चांगलं झालं. पण ठाणं बदनाम होतंय."

"गुन्हे वाढले नाहीत, साहेब. लिहिले जातायत."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले.

दुसऱ्या सोमवारी बाईंची मुद्देमालाच्या खोलीत बदली झाली. जप्त केलेल्या सायकली, सुऱ्या, चिठ्ठ्या बांधलेल्या पिशव्या, आणि एक खिडकी, तीही वर. टेबलावर एक तरुण शिपाई आला. पोरगा गुणी होता, साहेबांची भुवई आठवड्यात वाचायला शिकला. बढतीची यादीही लागली. जादा गुणांचा नियम त्याच वर्षी रद्द झाला होता. बाईंनी ते पत्रक दोनदा वाचलं, घडी घातली आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता?"

"आता कपाळ," बाई म्हणाल्या.

एका दुपारी त्या मागच्या दाराने जेवायला निघाल्या, तर पायरीवर एक माणूस बसला होता. सुतार असावा, खिशाला पेन्सिल होती. शेजाऱ्याने त्याच्या मुलाचा हात मोडला होता, आणि आतून त्याला सांगितलं होतं, शेजारधर्म आहे, सांभाळून घ्या. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी बसल्या. डबा बाजूला ठेवला. पिशवीतून कागद काढला, त्याच्या तोंडून ऐकून अर्ज लिहिला, खाली त्याची सही घेतली आणि वरच्या कचेरीचा पत्ता सांगितला. "पोस्टाने पाठवा. पोचपावती ठेवा. मी लिहिलं हे सांगू नका."

"होईल का काही, बाई?" त्याने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

त्यानंतर त्या रोज मागच्या दारानेच जेवायला जाऊ लागल्या. वर्षभरात सव्वीस अर्ज लिहिले. नोंदले गेले तीन. बाकीच्यांचं काय झालं, हे कळायला त्यांना काही मार्ग नव्हता.