‘भूगोल घे, सोपा आहे’

रहांगडाले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात व्याकरण शिकवत होतो. तीन आठवडे झाले त्याला. शोकसभेत प्राचार्य डोळे पुसत म्हणाले, "गणिताचा दिवा विझला." मी उठून बाहेर आलो. हाच माणूस दरवर्षी निकाल लागला की सरांना केबिनमध्ये उभं करायचा आणि विचारायचा, "तुमच्या विषयानं कॉलेजचा टक्का काऊन पाडून राहिले?" आणि मेल्यावर दिवा! जिवंतपणी डोळ्यांत सलत होते ते.

आमचं कॉलेज बिरसीजवळ, जिथल्या विमानतळावर वैमानिक घडवतात. अकरावी सायन्सच्या प्रवेशाला पोरं आली की आमच्या टेबलावरून ठरलेला सल्ला निघतो, मॅथ्स काढ, जॉग्रफी घे, टक्के वाढतील. पोरींना तर विचारायचंही नाही. तेवढ्यासाठी सर प्रवेशाच्या दिवसांत टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसत आणि फॉर्म हिसकावून वाचत. "काऊन वं, गणित काढून रायली? गणित सोडवाचं रायते, सोडाचं नाई रायत!" पोरगी रडकुंडीला, बाप गोंधळलेला... आणि सर खडू घेऊन तिथंच फरशीवर गणित मांडायला बसत. आम्ही हसायचो. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी वहिनींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, ऑपरेशनसाठी सर दोन दिवस नागपूरला होते. नेमकी तेव्हाच दुर्गा आली. बिरसीचीच पोर, दहावीला गणितात शाळेत पहिली. मागे लांब रांग होती. मी म्हणालो, "बेटा, भूगोल घे, सोपा आहे," आणि माझ्याच पेनानं गणितावर काट मारली. बारावीला तिला भरपूर टक्के पडले. आम्ही हार घालून फोटो काढला. मग तिनं वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला आणि तो परत आला. बारावीला गणित नाही म्हणून. जिच्या घरावरून ती शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात, तिचा! ती कॉलेजात आली आणि मार्कशीट टेबलावर आपटून म्हणाली, "सर, माह्यं गणित काऊन काढलं तुमी?"

सरांनी मला व्हरांड्यात गाठून जन्मात ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या दिल्या. "तुह्यं काय गेलं रे? एक रेघ मारली. तिचे दोन वर्सं गेले ना!" मग फक्त गणिताची परीक्षा बाहेरून देता येते हे त्यांनीच शोधलं, फॉर्म भरला आणि रोज सकाळी कॉलेजच्या आधी तिला घरी शिकवू लागले. सरांच्या छातीत दुखायचं, डॉक्टरकडे चला म्हणून वहिनी ओरडायच्या. "परीक्षा होऊ दे," हे एकच उत्तर. परीक्षेला महिना उरला आणि हे गेले. मला त्यांचाही राग येतो. डॉक्टरकडे जायला काय धाड भरली होती?

आता प्राचार्य म्हणतात, सरांची जागा भरायची नाही, यंदापासून गणित बंद, मागणीच नाही. मागणी नाही! मागणाऱ्यांच्या फॉर्मवर काट आम्हीच मारतो की.

काल सकाळी सरांच्या घरी गेलो. घरापुढच्या छपरीत दुर्गा एकटीच बसली होती, पुढ्यात सरांची वही. त्यांच्या अक्षरात अर्धं सोडवलेलं गणित. मला पाहून तिनं वही माझ्याकडे सरकवली.

"सर, याच्या पुढची पायरी सांगा ना."

टक्के वाढावेत म्हणून अकरावीत मीही गणित काढलं होतं.