सात वाजताचा ब्लॉग

वाळत्या मिरचीचा ठसका लागला की ती सकाळ आठवते. मला शिकवून कॉलेजपर्यंत पोचवणाऱ्या माझ्या शाळेतल्या बाई वयाच्या नव्वदीत एकट्या राहतात आणि रोज सकाळी सातला ब्लॉग लिहितात. त्या दिवशी नऊ वाजले तरी नवं काही आलं नाही, बाईंनी फोनही उचलला नाही. मिरचीच्या लाल पथाऱ्यांमधून मी सायकल दामटली. दार उघडं होतं. बाई संगणकासमोर डोळे मिटून निश्चल बसल्या होत्या. “बाई!” मी ओरडलो. डोळे मिटूनच बाई खेकसल्या, “वरडू नको, जित्ती शे मी! मिरच्यासना देठ खुड्यात नि तोच हात डोयाले लागी गया. बस, मी सांगस, तू लिख.” त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. आजही सातला मी धास्तावूनच ब्लॉग उघडतो. फार थकल्या असल्या तर बाई दोनच शब्द टाकतात: “जित्ती शे.”