कोपऱ्यातली ज्वारीची चक्की

रविवारी सकाळी गिरणीत माझा नंबर सहावा होता. कोपऱ्यातल्या ज्वारीच्या चक्कीपुढं डब्यांची रांग, आणि शेजारची गव्हाची चक्की रिकामी. माझ्यासारख्या हुशार माणसाला हे सहन कसं व्हावं? मी गिरणीवाल्या मामांना म्हटलं, “मामा, ह्याच्यावरच टाका की माझी ज्वारी.”

“सर, ह्याच्यावर सकाळपासून गहू चालून राहिलाय.”

“असू द्या हो. दळण ते दळण.”

दहा मिनिटांत गरम पिठाचा डबा घेऊन मी घरी. बायको तापानं अंथरुणात होती, म्हणून तर डबा माझ्या हाती आला होता. तिला वर ऐकवलंही, “तुला दर वेळी एवढा वेळ कसा लागतो गं?”

ही हुशारी काय होती, ते कळायला आमच्या लेकीच्या पोटाची गोष्ट सांगावी लागेल.

लेक नऊ वर्षांची. आम्ही मूळ लोह्याकडचे, घरची ज्वारी खाऊन वाढलेले. नांदेडला नोकरी लागली आणि मी भाकर सोडली. पोळी म्हणजे प्रगती, अशी माझी ठाम समजूत. लेकीला मात्र ही प्रगती मानवेना. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, शाळेच्या प्रार्थनेला रांगेत सगळ्यांत पुढं उभी. मग मी तिला तूप लावून पोळी, साजूक तुपातला शिरा, दुधात बिस्किटं असं सुरू केलं. जेवढी ती वाळत गेली, तेवढा मी गहू भरवत गेलो. शरीर म्हणजे पोतं, वरून भरलं की फुगणारच, एवढंच माझं शास्त्र.

शेवटी बायकोनंच तिला लातूरला न्यायचं ठरवलं. लातूर तिचं माहेर. तिथलं सगळं नांदेडपेक्षा बरं असतं, हे मी लग्नापासून ऐकत आलोय. तिथल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट आल्यावर आम्हा दोघांना समोर बसवलं.

“घास चावला, लाळ मिसळली, की पचन सुरू झालं,” बाई म्हणाल्या. “जठरात तो आम्लात घुसळला जातो. पुढं लहान आतड्यात पित्त येतं, स्वादुपिंडाचा रस येतो, आणि घास इतका बारीक होतो की तो रक्तात जाऊ शकतो. पण जायला वाट पाहिजे ना?” त्यांनी बेसिनजवळचा टॉवेल ओढून घेतला. “ह्याला दोऱ्याची लव आहे, म्हणून तो पाणी टिपतो. लहान आतड्याला आतून अशीच लव असते, इवल्या बोटांसारखी. अन्न तीच टिपून घेते. हिच्या शरीराला गव्हातला चिकट भाग सोसत नाही. तो आला की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं आणि ती लव झिजते. जुन्या टॉवेलसारखं सपाट होतं सगळं. मग तुम्ही वरून कितीही भरवा, आत टिपणार कोण?”

मी टॉवेलकडं बघत बसलो. भरवणारा मीच होतो.

“परत उगवते ती,” बाई म्हणाल्या. “पण गहू कायमचा बंद. कणभरसुद्धा नाही. ज्वारी खुशाल खाऊ दे.”

बायकोनं ‘कणभर’ ऐकलं. मी फक्त ‘ज्वारी’ ऐकली.

घरी येऊन तिनं पोळपाट बदलला, तवा बदलला. हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं निघालं, तर ती डबीही गेली. दळण स्वतः नेऊ लागली. तीन महिन्यांत लेक दुसरी भाकर मागायला लागली. पहिल्यांदा मागितली त्या दिवशी बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, “चुलीचा धूर गेला.” आमच्याकडं गॅस आहे.

आणि मग तो माझा रविवार.

मंगळवारी लेकीचं पोट फुगलं. बुधवारी जुलाब. ताट बघून तोंड फिरवायला लागली, अगदी पूर्वीसारखी.

“शाळेत कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?” बायकोनं विचारलं.

“नाही खाल्लं, मम्मी.”

“खरं सांग.”

मीही न्यायाधीशासारखा चष्मा पुसत म्हणालो, “खरं बोलावं, बाळा.”

लेक रडायलाच लागली. “खरंच नाही! वाढदिवसाचा केक दिला होता एकीनं, तो पण मी परत दिला.”

बायको स्वयंपाकघरात उभी राहून एकेक वस्तू मोजायला लागली. तवा तोच. चटणी घरची. हिंग नाहीच. पिठाच्या डब्यापाशी येऊन ती थांबली.

“अहो, कोणत्या चक्कीवर दळलं हे?”

मी जन्मात पुष्कळ थापा मारल्यात. पण लेक ओल्या डोळ्यांनी माझ्याकडंच बघत होती.

“गव्हाच्या,” मी म्हटलं. “रिकामी होती.”

बायकोनं डबा उचलला. सगळं पीठ शेजारच्या गाईपुढं गेलं. मी लेकीसमोर बसून म्हटलं, “चूक माझी होती, बाळा. तू खरं बोलत होतीस.”

तिनं नाक पुसलं. “पप्पा, लायनीत उभं राहायचं असतं, असं तुम्हीच सांगता ना?”

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलो. मामा म्हणाले, “चक्कीच्या पोटात मागच्याचं पीठ राहतंच, सर. ते पुढच्याच्या डब्यात उतरतंय. मी बोललो हुतो की न्हाई? आन् लेकरासाठी हाय, हे आधी न्हाई का सांगायचं!”

त्यानंतर डबा माझ्या हाती पडेना. बायको डबा घेऊन पुढं, मी रिकामी पिशवी घेऊन मागं. मामा हसायचे, “काय सर, पहारा लागला का?” मीही हसायचो. पण आत एकच भीती होती, की तीन महिन्यांत उगवलेली ती लव मी दहा मिनिटांत खरवडून टाकली. डॉक्टरीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, “आता काटेकोर राहा. पुढच्या तपासणीत बघू.”

पुढची तपासणी आली. लातूरला लेक वजनकाट्यावर चढली, तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा पाहिला. “छान,” त्या म्हणाल्या. “वजन वाढलंय. आतडं भरून येतंय.”

बाहेर बाकावर पाय हलवत लेकीनं भाकर आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी तिचा प्रत्येक घास बघत होतो. तोंडातून खाली, जठरातून पुढं, पार त्या इवल्या बोटांपर्यंत मनानं सोडायला जात होतो.

“पप्पा, असं काय बघून राहिलात? तुम्हाला पाहिजे का?”

“नको. तू खा.”

परतीच्या एसटीत अहमदपूर मागं पडलं तेव्हा ती माझ्या मांडीवर झोपली होती. बायको खिडकीबाहेर बघत होती. लोहा जवळ आलं तसं ती बाहेर बघतच म्हणाली, “पीठ संपलंय. उद्या दळण तुम्ही आणा. मी येत नाही सोबत. आणि वेळ लागला तरी चालेल.”